टकळी आणि ओला टॉवेल

तिला टकळी हे नाव कुणी ठेवलं यावर घरात अजून एकमत नाही. बाबा म्हणतात आईने, आई म्हणते शेजारच्या काकूंनी, आणि शेजारच्या काकू म्हणतात, "ठेवायला कशाला लागतंय? पाच मिनिटं तिच्याजवळ बसा, आपोआप तोंडात येतं." पोरगी एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही. झोपेत बोलायची, दात घासताना बोलायची, परीक्षेत तर पर्यवेक्षकांशीच गप्पा मारायला लागली म्हणून तिची जागा बदलावी लागली होती. हिचं पुढे होणार काय, ही आईची काळजी. मग ती कॉलेजात गेली आणि तिला कॉलेजचा रेडिओ सापडला. समोर फक्त एक माइक, आणि तो मध्ये तोंड घालत नाही! टकळीचं तर नशीबच उघडलं.

आता रेडिओ म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका बरं का. सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकीला लागून एक खोली. भिंतींना चिकटवलेला स्पंज, दारावर लाल दिवा, आणि एक टेबल, जे आयुष्यभर डगमगत आलं होतं. आवाज जायचा कॉलेजच्या फाटकापर्यंत आणि त्याच्या जरासा पलीकडे. एका अंगाला लॉन्ड्री, दुसऱ्या अंगाला दाताचा दवाखाना, संपलं साम्राज्य. त्या दवाखान्यात टकळीची आई रिसेप्शनला बसायची, म्हणून तिथे तरी रेडिओ हमखास लागायचा. "घरी ऐकते ते कमी पडतं म्हणून दुपारीही ऐकते," असं ती पेशंटना सांगायची, आणि सांगता सांगता आवाज हळूच वाढवायची.

ती कॅसेट टकळीला मिळाली ती टेबलाच्या पायाखाली. पाय बुटका म्हणून कुणीतरी तिथे आधाराला सरकवली होती. स्टेशनला टपालाने आलेली, पाकीटसुद्धा धड न फोडलेलं. टकळीने कुतूहलाने ती ओढून काढली, टेबल एका बाजूला कललं, वरचा चहा एका प्राध्यापकांच्या भाषणाच्या कागदांवर सांडला, आणि इथून पुढे तिच्या आयुष्याला निराळं वळण लागलं. पाकिटात पातळ कागदावर हाताने काढलेलं चित्र होतं: खुंटीला लटकलेला टॉवेल, खाली पाण्याचं थारोळं. बँडचं नाव "ओला टॉवेल". खाली एक फोन नंबर. आणि एक ओळ, "आमची गाणी दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत." बघा तो ताठा! टकळीला तो ताठाच आधी आवडला.

मग तिने ती कॅसेट स्टेशनच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली. पहिलंच गाणं लागलं, "सावकाश उतर".

"सावकाश उतर, पायरी ओली आहे,
घाई कुणाला, संध्याकाळ अजून कोवळी आहे..."

एक पातळ, उंच, खट्याळ आवाज, मागे ड्रमची धावपळ आणि गिटारची नुसती पळापळ. टकळी खुर्चीतून उठली आणि स्पंजाच्या त्या कोंदट खोलीत एकटीच नाचली. प्रेमात पडायला एवढं पुरतं हो.

त्यानंतर दोन वर्षं तिने कॉलेजला काही सोडलं नाही. रेडिओच्या प्रभारी मॅडम संख्याशास्त्र शिकवायच्या. त्यांनी नियम काढला, एका बँडचं गाणं आठवड्यातून एकदाच. टकळीने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी वेळापत्रकाच्या घोषणेमागे "सावकाश उतर" लावलं. मॅडमनी विचारलं तर म्हणाली, "ते गाणं नाही मॅडम, पार्श्वसंगीत आहे." मग हरवलेल्या छत्र्यांच्या निवेदनामागे, मग वाचनालय बंद राहणार त्यामागे. छत्र्या काही सापडल्या नाहीत, पण गाणं सगळ्यांना पाठ झालं. हॉस्टेलच्या पोरी त्यावर फरशी पुसायच्या, लॉन्ड्रीवाला त्याच्या तालावर इस्त्री फिरवायचा, आणि आई सांगायची, "तुझं ते ओल्या टॉवेलचं लागलं की पेशंट पाय हलवायला लागतात. दाढ काढायची आहे हेच विसरतात."

गाण्यावर तिने भाषणंही ठोकली. "श्रोतेहो, गंमत बघा. शब्द म्हणतात सावकाश, आणि चाल सुसाट पळते! याला म्हणतात प्रतिभा." हे ती इतक्या ठासून सांगायची की मराठीच्या सरांनी ते उदाहरण वर्गात वापरलं.

बरं, त्या टेपवर दुसरं फारसं काही लागायचंच नाही. कधीमधी माजी प्राचार्यांची जुनी भाषणं लागायची. त्यांचा आवाज जरा चिरका होता आणि ते भारी घाईत बोलायचे, हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. आत्ता हे ऐकून तुमच्या डोक्यात काही चमकलं असेल तर तुम्ही शहाणे. कॉलेजात मात्र कुणाच्याच डोक्यात नाही चमकलं.

तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमाला कुणाला बोलवायचं यावर खल सुरू झाला, तेव्हा टकळीने कुणाला बोलूच दिलं नाही. नुसतं बोलून बोलून तिने सगळ्यांना थकवलं आणि ओल्या टॉवेलच्या नावावर शिक्कामोर्तब करून घेतलं. मग कागदावरच्या नंबरवर फोन लावला.

"हॅलो," पलीकडून भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज आला.

"मला ओल्या टॉवेलच्या गायिकेशी बोलायचंय."

"बोलतेय."

बिचारीला सर्दी झालेली दिसतेय, टकळीच्या मनात आलं. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"उशीर केलास गं," गायिका म्हणाली. "आम्ही बंद करतोय. मागच्या कार्यक्रमाला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. आणि माझाही जीव आता त्यात राहिला नाही. ऐकतंय कोण?"

"कोण म्हणजे? आमच्याकडे सगळ्यांना तुमचं 'सावकाश उतर' पाठ आहे!"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. लॉन्ड्रीवाल्याला सुद्धा. तुम्ही एकदा या, ताई. हॉल भरलेला नसला तर मी आयुष्यात तोंड उघडणार नाही."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. "बरं. येतो. शेवटचा एक इथे करू आणि मोकळे होऊ."

टकळीने फोन ठेवला. तिच्या बँडचा शेवटचा कार्यक्रम! छे, असं होऊच द्यायचं नाही. एकदा का भरलेला हॉल त्यांचं गाणं त्यांच्याबरोबर गायला लागला की कोण बंद करतंय बघू. आईला तिने हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "तू बोलून बोलून मेलेल्याला उठवशील. बँड काय चीज आहे."

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी ओला टॉवेल एका पत्र्याच्या व्हॅनमधून उतरला. पोहायच्या तलावावर शिकवणारी, रुंद खांद्यांची, पन्नाशीला टेकलेली गायिका. सोफ्यांना कापड लावायचा धंदा असलेला, कपाळाला कायम आठी असलेला गिटारवाला. आणि बेकरीची गाडी चालवणारा गोलमटोल ड्रमवाला. तलावाच्या सामानाच्या खोलीत सराव करायचे, म्हणून ते नाव. टकळी त्यांना घ्यायला जाऊ शकली नाही, तिचा कार्यक्रम चालू होता. पण तिने स्वागताचा बेत आखून ठेवला होता. पाहुणे कॅन्टीनमध्ये चहाला बसले की तिथल्या स्पीकरवर "सावकाश उतर" वाजणार!

वाजलं. कॅन्टीनमधली पोरं लगेच बाकांवर ठेका धरायला लागली. ड्रमवाल्याने सँडविच खाता खाता मान हलवली.

"कोण आहे हे? झकास आहे की!"

गिटारवाल्याने कप खाली आपटला. "झकास काय? नीट ऐक! चाल आपली, शब्द आपले! कुण्या पोरीने आपलं गाणं सरळसरळ ढापलंय!"

गायिकेने स्पीकरकडे बघितलं आणि विचारलं, "रेडिओची खोली कुठे आहे?"

दारावर लाल दिवा लागलेला असला की आत शिरायचं नाही, हे त्या तिघांना कुणी सांगितलं नव्हतं. गाणं संपायला आणि दार उघडायला एकच गाठ पडली. टकळीने माइक नुकताच चालू केला होता. समोर तिचा बँड, अख्खा, धापा टाकत! तिचा चेहरा असा उजळला म्हणता! "श्रोतेहो, विश्वास बसणार नाही, पण ओला टॉवेल आत्ता आपल्या स्टुडिओत आहे! ताई, बोला ना, काय वाटतंय?"

"हे कोण गातंय?" गायिकेने विचारलं.

"कोण म्हणजे? तुम्ही!"

"मी? बाळा, इतक्या वर माझा आवाज बापजन्मात गेलेला नाही."

हे सगळ्या कॉलेजने ऐकलं. लॉन्ड्रीने ऐकलं, दवाखान्याने ऐकलं. टकळीने गोंधळून टेपमधून कॅसेट काढली आणि पुढे केली. गिटारवाल्याने उलटसुलट करून बघितली. "कॅसेट आपलीच आहे," तो म्हणाला, आणि त्याची आठी सावकाश टकळीकडून टेपकडे वळली. "हा टेप दुरुस्त कोण करतं?"

टकळी माइककडे वळली. "मिस्त्री काका, असाल तिथून वर या. येताना तुमचा छोटा टेप घेऊन या."

मिस्त्री काका कॉलेजचे पंखे, नळ, घंटा, सगळंच बघायचे. ते आले, त्यांनी टेपचं झाकण काढलं आणि आत बोट दाखवलं. "हे चाक ना? फार जुनी गोष्ट आहे. मूळचं चाक मोडलं, बाजारात मिळेना. मग एका शिलाई मशीनचं बसवलं. जरासं मोठं आहे, पण फिरतंय ना झक्क? आजवर एक तक्रार नाही."

"तक्रार कोण करणार?" गिटारवाला ओरडला. "दोन वर्षं आमचं गाणं घोड्यावर बसवून पळवलंत तुम्ही!"

टकळीला आता कुठे उमगलं. चाक मोठं, म्हणून टेप पळत होता. टेप पळत होता, म्हणून आवाज चढत होता. ती खट्याळ पातळ आवाजाची मुलगी, जिच्याशी ती मनातल्या मनात रोज बोलायची, ती या जगात कुठेच नव्हती. तिने काकांच्या छोट्या टेपमध्ये कॅसेट घातली, तो माइकजवळ धरला आणि बटण दाबलं.

"सावकाश उतर..."

खोल, दमलेला, मायेचा आवाज. प्रत्येक शब्दानंतर एक श्वास. गिटार एकेक तार मोजून वाजत होती, ड्रम तर कुणाची झोपमोड होऊ नये असा. पळापळ नाही, खट्याळपणा नाही. कुणीतरी कुणाचा तरी हात धरून ओल्या जिन्यावरून खाली नेत होतं, आणि त्या दोघांनाही ठाऊक होतं की पुन्हा हा जिना एकत्र उतरणं नाही. दोन वर्षं ती ज्यावर नाचली होती ते हे गाणं होतं. टकळीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लाजेने, की गाण्याने, की त्या नसलेल्या मुलीच्या आठवणीने, तिचं तिलाच कळेना.

गाणं संपलं. आणि टकळी काहीच बोलली नाही.

रेडिओवर शांतता म्हणजे काय हे रेडिओवाल्यांना विचारा. दुधाचं पातेलं चुलीवर विसरावं तसं ते असतं, कुणीतरी धावत येतंच. पण त्या खोलीत कुणी हललं नाही. कॅन्टीनमधली पोरं स्पीकरकडे बघायला लागली. टकळी आणि गप्प? हे कॉलेजने कधी ऐकलंच नव्हतं.

तेवढ्यात स्टुडिओतला फोन वाजला. श्रोत्यांचे फोन थेट रेडिओवरच ऐकू जायचे.

"अगं, काय झालं?" आईचा आवाज घाबराघुबरा झाला होता. "गप्प का झालीस? चक्कर-बिक्कर आली का? पाणी पी आधी."

"आई, मी ठीक आहे." टकळीने नाक पुसलं. "मी सगळ्यांना दोन वर्षं चुकीचं गाणं ऐकवलं, आई. आमच्या टेपचं चाक चुकीचं होतं. हे आत्ता लागलं ना, ते खरं."

"हो, तेच सांगायचंय. इथे सगळे चिडीचूप बसलेत. डॉक्टरांनी मशीन बंद केलं. आत एक आजोबा आहेत, ते म्हणतात पुन्हा लावा, मग दाढ काढा." मग आईने विचारलं, "कुणी म्हटलंय गं हे? जिने म्हटलंय तिला सांग, माझी आई अशीच हात धरून उतरायची."

गायिका इतका वेळ दाराला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि माइकजवळ वाकली. "मीच म्हटलंय," ती म्हणाली. "माझ्याही आईसाठीच. ती गेली त्या वर्षी."

शेवटी मिस्त्री काकांनीच माइकपुढे तोंड घातलं, "संध्याकाळी कार्यक्रम आहे, सगळ्यांनी या," आणि माइक बंद केला.

हॉल भरला होता का? अहो, पाय ठेवायला जागा नव्हती. रेडिओवर एवढा तमाशा झाल्यावर घरी कोण बसतंय? लॉन्ड्रीवाला दुकान बंद करून आला. दाताचे डॉक्टर आले, त्यांच्याबरोबर गाल सुजलेले आजोबाही आले. टकळी पडद्यामागे नखं खात उभी होती. शेजारी आई. ही सगळी मंडळी आली होती ती नाचायला, आणि समोर वाजणार होतं काय तर रडवणारं गाणं. एक शिट्टी वाजली, एक हुल्लडबाज ओरडला, की संपलं. मग तिने केलेला सगळा खटाटोप म्हणजे बँडला शेवटचा घाव घालायला बोलावल्यासारखंच झालं असतं. आणि तो घाव तिचाच.

बँडने गाणं आपल्या चालीत म्हटलं. सावकाश. पोरं आधी चुळबुळली. कुणीतरी दोन टाळ्यांचा ठेका धरून बघितला, पण तो गाण्यात बसेना, मग हात खाली गेले. हळूहळू हॉल निवला. लॉन्ड्रीवाला डोळे मिटून उभा होता. गाणं संपलं आणि अशा टाळ्या पडल्या की पडदा हलला. टकळीने आईचा हात इतका आवळला की आई ओरडली.

आणि मग मागच्या रांगेतून हॉस्टेलच्या एका पोरीने हाक दिली, "ताई, आता आमचं!"

हॉलभर तेच. "आमचं! आमचं!"

गिटारवाल्याची आठी घट्ट झाली. गायिका मात्र माइकवर म्हणाली, "तुमचं मला येत नाही. तेवढ्या वर माझा आवाज जात नाही. तुम्हीच म्हणा."

मग काय, हॉलने गळा मोकळा सोडला. पातळ, उंच, सुसाट, जसं त्यांनी दोन वर्षं ऐकलं होतं तस्सं. बेंच वाजले, पाय आपटले, आजोबा सुजल्या गालाने गायले. ड्रमवाल्याला राहवेना, त्याने पहिल्या ओळीतच त्यांना गाठलं. गिटारवाला काही वेळ हाताची घडी घालून उभा राहिला, मग "श्या!" म्हणाला आणि तोही पळायला लागला. गायिका रंगमंचाच्या कडेला पाय खाली सोडून बसली आणि ऐकत राहिली. हसत होती आणि तोंडावरून पाणी पुसत होती.

सगळं आवरल्यावर ती पडद्यामागे आली आणि टकळीसमोर उभी राहिली. टकळीने दुपारपासून जुळवून ठेवलेली माफी सुरू केली, "ताई, मी खरंच..."

"गप गं," गायिका म्हणाली. "माझ्या आईला रडकी गाणी अजिबात आवडायची नाहीत. 'माझ्यावर गाणं करशील तर जरा नाचायचं कर,' म्हणायची. मला ते कधी जमलंच नाही. तुझ्या त्या टेपने जमवलं." तिने हात पुढे केला. "ती तुझी कॅसेट मला दे. ते पळतं गाणं मला घरी लावायचंय."

टकळीने पर्समधून कॅसेट काढून लगबगीने तिच्या हातावर ठेवली. तेवढ्यात ड्रमवाला मागून हसला.

"अगं, असल्या कॅसेट आपल्या घरी खोकंभर पडल्यात. ही घरी लावलीस तर आपलंच संथ गाणं वाजणार. पळतं गाणं कॅसेटमध्ये नाहीच. ते यांच्या टेपमध्ये आहे."

गायिकेने हातातल्या कॅसेटकडे बघितलं. मग ती परत टकळीच्या हातात ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"मग तो टेप दुरुस्त करू नका," ती म्हणाली. "ऐकायला आम्हालाच इथे यावं लागणार. येताना नवीन कॅसेट घेऊन येऊ. तीही पळवून बघू."

"नवीन?" गिटारवाला म्हणाला. "आपण बंद करत होतो ना?"

"करत होतो," गायिका म्हणाली.

टकळीने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एक शब्द फुटला तर शपथ. आईने तिला कोपराने ढोसलं.

"बोल की आता काहीतरी! एरवी थांबवून थांबत नाहीस!"